पायरीखालचा पाट

सकाळपासून तात्या गाडीत होते.

पाठीशी उशी, गुडघ्यांवर घोंगडी, नजर खिडकीबाहेर. बाहेर पुणे-नाशिक रस्ता होता. कांद्याचे टेम्पो जात होते, मंचरकडची एसटी कळंबच्या थांब्यावर धापा टाकत उभी होती. पण तात्यांच्या खिडकीतून मका चालला होता. क्षितिजापर्यंत मका, मध्येच एखादं पांढरं घर, घरामागं एक झाड, आणि पुन्हा मका.

"शिकागो गेलं का गं?"

"कवाच गेलं," खाटेच्या पायथ्याशी बसलेल्या भागूनं सांगितलं.

"मंग आता काय?"

"मका."

"त्याच्याफुडं?"

"मका!"

"आन् त्याच्याफुडं?"

"मेंढरं!" भागू खिदळली आणि खाटेच्या लोखंडी दांडीवर चमच्यानं ठोकू लागली. खडाक-खट, खडाक-खट. हा ठेका तात्यांनीच घालून दिलेला. पोटच्या सावळारामला, उज्ज्वलाला, मग नातू सुदर्शनला आणि आता त्याच्या या चार वर्षांच्या लेकीला. जुन्नर-आंबेगावात अजून रुळाचा तुकडा पडलेला नव्हता, पण या घरातल्या प्रत्येक पोराला बाराखडीच्या आधी अमेरिकेतली स्टेशनं यायची. भगवंत मेंढके सरकारी मेंढीफार्मवर कामाला असताना साहेबांनी त्यांचं नाव पाठवलं, चोवीस वर्षांचा तो गडी बोटीनं समुद्र ओलांडून लोकर कातरायचं शिकायला गेला आणि तिथं आगगाडीतून त्यानं अख्खा मुलूख पाहिला, ही या घराची सगळ्यात मोठी गोष्ट होती. म्हातारपणानं बाकीचं एकेक उतरून गेलं. गाडी राहिली.

भागूची आई हर्षाली दारात उभी होती. मुठीत थर्मामीटर.

आत येऊन तिनं भागूच्या कपाळाला हात लावला. मग मानेला. मग स्वतःच्या कपाळाला. गार होतं. निदान गार वाटत होतं.

आषाढात पहिला झटका आला तेव्हा ती भाकरी थापत होती. भागूचे डोळे वर गेले, हात ताठ झाले आणि पोरगी तिच्या ओळखीची राहिली नाही. त्यानंतर आणखी दोनदा. मंचरचे डॉक्टर म्हणाले, तापातले झटके आहेत, पाच-सहा वर्षांची झाली की जातील, फक्त ताप चढू देऊ नका. हर्षालीनं एम.एस्सी. केलं होतं, तिला सगळं समजलं होतं. तरी 'चढू देऊ नका' हे शब्द ती काठोकाठ भरलेल्या हंड्यासारखे घेऊन घरभर फिरत होती. कुठं सांडू नयेत म्हणून.

"तिकीट?" तात्यांनी तिला विचारलं.

"आहे तात्या."

"मंग बसा की. उभं राहू नये गाडीत."

स्वयंपाकघरातून आत्यांचा आवाज आला आणि ती न बसता वळली.

*

उज्ज्वलाआत्या घोडेगावहून पहिल्या एसटीनं आल्या होत्या. अळूची पानं, गवार आणि एक निरोप घेऊन. पितरी अमावास्येला माहेरी यायचा त्यांचा शिरस्ता. वहिनी, म्हणजे हर्षालीची सासू निर्मला, गेल्यापासून तर त्या आल्याशिवाय वडे तळायला कढई चढत नव्हती.

"मी काय भोळीभाबडी न्हाई," अळूच्या शिरा काढत त्या म्हणाल्या. "पर त्या देवरुषी मानसाला मी एका शब्दानं काय सांगितलं न्हवतं. त्यानंच सांगितलं. तुमच्या म्हायारी परका जेवतो. नाव न्हाई, गाव न्हाई. त्याला बंद करा, लेकराचं झटकं थांबतील."

हर्षाली म्हणाली, "आत्या, झटके तापानं येतात."

"आन् ताप कशानं येतो?"

"इन्फेक्शननं."

"समद्या पोरांना इन्फेक्शन व्हतं. झटकं हिलाच का?"

हर्षालीला उत्तर माहीत होतं, कुठल्याशा कागदावर टक्केवारीसकट वाचलेलं. ती ओट्याकडं वळली. ओट्यावर सात पानं पुसून ठेवली होती. खापरपणजोबा, खापरपणजी भागूबाई, निर्मलाबाई, अशी सहा माणसांची सहा, आणि सातवं ते. कुणाचं, हे या घरात कुणी कुणाला कधी सांगितलं नव्हतं. ते ओळीत मांडलं जात नसे. दाराबाहेर, पायरीच्या खाली, तात्यांनी स्वतः जोडलेल्या बाभळीच्या बुटक्या पाटावर ते जायचं. लग्न होऊन आली त्या वर्षी हर्षालीनं सासूला विचारलं होतं. निर्मलाबाई म्हणाल्या होत्या, "मांडायचं. इचारायचं न्हाई."

बंद करून बघायला काय जातं?

हा विचार तिचाच होता, आत्यांचा नव्हता. तो इतक्या सहज आला की तिला स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटूनही तो गेला नाही.

"अण्णांशी बोलू या," ती म्हणाली.

आत्यांनी अळू बाजूला ठेवलं. सून आपल्या बाजूला येईल असं त्यांना वाटलं नव्हतं.

*

दोन गॅसवर दोन खिरी रटरटत होत्या. एक मोठ्या पातेल्यात, एक लहान तांब्यात. तात्यांच्या बायकोनं, साळुबाईनं, लेकीचं आणि नातसुनेचं बोलणं ऐकलं आणि डाव थांबवला नाही.

भगवंत अमेरिकेहून परत आला तेव्हा ती सोळा वर्षांची होती. त्या भादव्यात त्यानं पाट जोडला आणि पायरीखाली पान मांडलं. कुणाचं, हे तिनं विचारलं नाही, कारण तिला कळलंच होतं. जिला घरात आणता येत नाही, जिला सोडवतही नाही, तिचं. पिवळ्या केसांची, घाऱ्या डोळ्यांची मडम. गाडीत भेटली असणार. मेली असणार, म्हणून तर पान.

मेंढरांमागं घाटात हिंडताना साळुबाई मनातल्या मनात तिच्याशी भांडायची. तुला भाकर तरी येती का? तुला मेंढरांभवती वाघूर लावता येती का? चार पोरं झाली, दोन गेली, मेंढरं विकली, बागायत झाली, स्लॅबचं घर झालं. मडम बरोबरच राहिली. आताशा भांडण उरलं नव्हतं. एवढ्या वर्षांत सवतही सवयीची होते. पण एक गोष्ट साळुबाईनं कधी सोडली नाही. पायरीखालच्या पानाची खीर ती वेगळी शिजवायची आणि त्यात गूळ घालत नसे.

निर्मलानं एकदा ती चाटून पाहिली होती. सासूकडं बघितलं होतं आणि डाव धुऊन ठेवला होता. गुणाची सून.

"बाई, तूच सांग," उज्ज्वला आईला म्हणाली. "बंद करायचं का न्हाई?"

"मला काय इचारतीस? ज्यानं मांडलं त्याला इचारा जा."

हयातभर जे विचारायची भीती वाटली, ते आता दुसरं कुणीतरी विचारणार होतं. साळुबाईनं गॅस बारीक केला. पदराला हात पुसत तीही मागोमाग निघाली.

*

अण्णा, म्हणजे हर्षालीचा सासरा सावळाराम, अंगणात गवरीचा निखारा फुंकत होता. तात्यांचे हात कापतात म्हणून या वर्षी आगारी त्याला टाकायची होती. निखाऱ्यावर तूपभाताचा घास ठेवायचा आणि एकेकाचं नाव घ्यायचं. सहा नावं त्याला पाठ होती. सातव्याला तात्या नाव घेत नसत, नुसतं "या, सावकाश" म्हणत. ते आपण कसं म्हणायचं, याचाच तो सकाळपासून विचार करत होता.

"दादा, आज नको मांडू ते," उज्ज्वलानं येऊन थेट सांगितलं.

"तात्या बसल्यात अजून. ते असताना?"

"त्यांना कळतंय का काय? ते शिकागोला हायेत."

"कळत न्हाई म्हणून तर जास्त वाईट," सावळाराम म्हणाला. मग त्यानं सुनेकडं पाहिलं. "तुझं काय म्हणणं?"

सुदर्शन कंपनीत होता, चाकणला. त्याला सुट्टी मिळाली नव्हती. फोनवर तो म्हणाला होता, तुम्ही ठरवाल ते. हर्षाली त्या वाक्यावर सकाळपासून चिडलेली होती.

"मला भीती वाटते, अण्णा," ती म्हणाली. "पटत नाही, पण भीती वाटते."

सावळाराम घर बांधताना, जमीन वाटताना, बायकोच्या आजारपणात कधी कुणाच्या अध्यातमध्यात पडला नव्हता. तो उठला. फुंकणी भिंतीला टेकवली. "चला," म्हणाला. "इचारू."

*

चौघं खोलीत येऊन उभी राहिली तेव्हा तात्यांना वाटलं, स्टेशन आलं. एवढी माणसं एकदम डब्यात कशी?

"तात्या!" सावळाराम मोठ्यानं म्हणाला. "पायरीखालचं पान कुणाचं?"

"हळू. लोक झोपल्यात."

"तात्या, सांगा ना," उज्ज्वला म्हणाली. "लेकरासाठी इचारतोय."

तात्या खिडकीकडं वळले. काचेपलीकडं धुकं होतं, मक्याच्या तुऱ्यांवर दव होतं, आणि गाडी इतकी गुळगुळीत चालली होती की जणू गाडी उभी आहे आणि मुलूखच मागं वाहतोय. एवढ्या सपाट रानात मेंढरांना पाणी कुठं पाजत असतील, हे तेव्हाही त्यांना पडलेलं कोडं होतं.

"ओरडून नाही चालायचं," हर्षाली म्हणाली. ती भागूशेजारी खाटेवर बसली, पाय वर घेतले. "तात्या, तिकीट आहे माझ्याकडं. या डब्यात कोण कोण आहे?"

त्यांचा चेहरा उजळला. "बसलीस व्हय? बरं केलंस. हितं सायेब लोक हायेत. मी हाय. आन् तिकडं, दारापाशी, हेन्री."

"हेन्री कोण?"

"डब्यावरचा मानूस. पांढरा कोट, पिकल्यालं क्यास. काळासावळा, आपल्या शेजारच्या गेणभाऊवानी. समदी त्याला जॉर्ज म्हणत्यात. मी म्हणलं, तुमचं नाव जॉर्ज व्हय? तो म्हणला, न्हाई. गाडीवरच्या आमा समद्यास्नी जॉर्जच म्हणत्यात. माझं नाव हेन्री."

"तुमाला इंग्रजी कुठं येत व्हतं?" उज्ज्वलाला राहवलं नाही.

"त्याला तरी मराठी कुठं येत व्हतं?"

भागूनं चमचा थांबवला होता. साळुबाई दाराच्या चौकटीला धरून उभी होती. हेन्री हे बाईचं नाव असतं का, हे तिला कुणाला विचारता येईना.

"पहाटं जाग आली. मेंढक्याला येतीच. बघतो तर ह्यो माझं बूट घेऊन चालला पुसाया. बाच्या वयाचा मानूस! म्हणलं, राव, ठेवा खाली, पाप लागंल मला. तो म्हणला, हेच काम हाय. मंग मी बी बसलो त्याच्याजवळ. दोघांनी मिळून अख्ख्या डब्याचं बूट पुसलं. सायेबानं नंतर लई झापला मला."

तात्या हसले. दात नसलेलं, लहान पोरासारखं हसू.

"आता कामाला बसल्यावर मानूस काय बोलतो? गाव कोन्तं, आजा कोन. मी माझा सांगितला. चार पिढ्या सांगितल्या. तो म्हणला, मला आजाचं नाव ठावं न्हाई. मला वाटलं, चेष्टा करतोय."

"का ठावं न्हाई?" सावळाराम खाली बसत म्हणाला.

"इकला व्हता त्याला."

रस्त्यावरून एक कंटेनर गेला आणि खिडकीची काच थरथरली.

"इकला म्हंजी?" दारातून साळुबाई.

"इकला म्हंजी इकला, साळू. मानूस. लहान असताना. आईच्या कडंवरनं काढला आन् खोक्यावर उभा केला, मागच्या लोकांना दिसावा म्हणून. आपन बाजारात कोकरू उचलून दावतो, तसा. त्यो मोठा झाला, त्याला पोरं झाली, पर सांगायला त्याच्यापाशी तेवढंच व्हतं. खोकं. आईनं कोन्तं नाव ठिवलं व्हतं, गाव कोन्तं, आईचं फुडं काय झालं, काय बी न्हाई."

हर्षालीनं भागूला कधी मांडीवर ओढून घेतलं, तिचं तिला कळलं नाही.

"केवढा होता?" तिनं विचारलं.

तात्यांनी भागूकडं पाहिलं. "ही हाय येवढा."

मग ते पुन्हा खिडकीकडं वळले. पुढचं बोलणं त्यांनी काचेलाच सांगितलं.

"टेशन आलं की हेन्री आधी खाली उतरायचा. हातात येवढंसं स्टूल. ते दाराखाली ठिवायचा, हात फुडं करायचा. 'पायरी बघा.' म्हातारं, पोर, गोरं, कुनी बी असू दे. समद्यांना हात धरून उतरवून घ्यायचा. माझं टेशन आलं तवा मी त्याला म्हणलं, आमच्यात भादव्यात पान मांडत्यात, मेल्याल्या मानसांचं. तुमच्या आजाचं मी मांडीन. तो हासला. मंग हासायचा थांबला. म्हणला, येवढ्या लांब यील का तो? मधी लई पानी हाय. मी म्हणलं, मी आलो की."

"मंग?" भागू म्हणाली.

"मंग मी त्याच्या पाया पडलो. तो भ्याला. इकडं तिकडं बघाया लागला, कुनी बघितलं का. गाडी सुटली तरी स्टूल त्याच्या हातातच."

सावळाराम जमिनीकडं बघत होता. "म्हणून पाट पायरीखाली."

"उतराया काय तरी नको? ज्यानं इकत घेतला त्यानं वढून नेला असंल. हात धरून कुनी उतरवलाच न्हाई त्याला."

*

आधी बोलली ती साळुबाई.

"आन् हे मला सांगायला काय झालं व्हतं तुमाला?"

"सांगितलं की. आलो त्याच राती. तू हूं हूं करत व्हतीस."

"मी झोपल्याली असंन!"

"मला काय ठावं? अंधार व्हता."

"मला वाटलं..." साळुबाई थांबली. नातसुनेसमोर, लेकीसमोर, लेकासमोर. मग म्हणूनच टाकलं. "मला वाटलं, मडम हाय."

"कोन मडम?"

"हाय कुनी तरी! पिवळ्या क्यासाची!"

तात्यांनी आठवून पाहिलं, अगदी मन लावून. "न्हाई बा," ते म्हणाले. "तशी कोन आपल्या डब्यात न्हवती."

उज्ज्वला तोंडाला पदर लावून हसली, आणि हसता हसता थांबली, कारण तिची आई हसत नव्हती. साळुबाई भिंतीला धरत खाली बसत होती.

"लेकरू व्हतं," ती म्हणाली. "लेकराचं पान व्हतं, आन् मी एक बी साल गूळ घातला न्हाई गं."

कुणाला काही कळलं नाही. हर्षालीला कळलं. ओट्यावरचा तो तांब्या तिनं सहा वर्षं पाहिला होता.

ती उठली, भागूला आत्यांकडं दिलं. डब्यातून ढेपेचा मोठा खडा काढला, खलबत्त्यात फोडला आणि आणून साळुबाईच्या ओंजळीत ठेवला. म्हातारी गुडघ्यावर हात देत उठली, गॅसपाशी गेली, आणि तांब्यात गूळ घालत राहिली. गोड होऊन, अती गोड होऊनही घालत राहिली.

"पर तो मानूस म्हणला व्हता..." उज्ज्वलाआत्या हळूच म्हणाल्या. त्यांचा आवाज आता स्वतःलाच पटत नव्हता. पण भावाच्या नातीवरची माया खोटी नव्हती, आणि मांडीवरच्या पोरीला त्यांनी घट्ट धरलं होतं. "एक साल नुसतं थांबून बघितलं तर? तात्या म्हणत्यात तसं लेकरूच हाय, तर समजून घील."

सावळारामनं हर्षालीकडं पाहिलं. "पोरगी तुझी हाय. तू सांगशील ते मी करीन."

हर्षालीनं भागूच्या कपाळाला हात लावला. किंचित कोमट. उन्हामुळं असेल, मघापासून दोघींनी तिला मांडीवर घेतलं त्यामुळंही असेल. ताप चढला तर? आजच चढला तर? आत्या काही बोलणार नाहीत, पण त्यांच्या डोळ्यांत ते असेल, आणि तिच्या स्वतःच्याही. तिला वाटलं होतं की खरं कळलं की भीती जाईल. गेली नव्हती. भीतीच्या शेजारी आता आणखी कुणीतरी उभं होतं, खोक्यावर, उतरायची वाट बघत. आणि कुठंतरी त्याची आई.

"थर्मामीटर लावा तिला, आत्या," ती म्हणाली. "औषध फ्रिजवर आहे. मी आले."

*

सहा पानं आत ओळीनं मांडून झाली. निखाऱ्यावर तूप तडतडलं, सावळारामनं एकेक नाव घेतलं. बायकोच्या नावाशी त्याचा आवाज अडला आणि पुढं गेला. धुराचा पातळ पडदा तात्यांच्या खाटेपर्यंत पसरला. आतून भागूचा चमचा पुन्हा ऐकू येऊ लागला. खडाक-खट, खडाक-खट. "ताप न्हाई गं!" असं आत्या ओरडल्या, आणि लगेच, "आता तरी न्हाई."

हर्षाली सातवं पान घेऊन दाराबाहेर आली. बगलेत पाट. त्याच्या कडा वर्षानुवर्षं पुसून मऊ झाल्या होत्या. तिनं तो पायरीखाली ठेवला, डुगडुगतो का ते दाबून पाहिलं, खाली एक खडा सरकवला. पान पाटावर न मांडता तिनं शेजारी मांडलं. पाट मोकळा ठेवला. वडा, भात, अळू, आणि गुळानं काळपट झालेली खीर.

रस्त्यावरची वर्दळ कशी कोण जाणे थांबली होती. ऊन धुरकट होतं. शेताच्या कडेला सुदर्शननं लावलेला मका वाऱ्यावर एका दिशेनं झुकत होता, वाहत होता.

"टेशन आलं का गं?" आतून तात्यांनी विचारलं.

"आलं!" भागूनं सांगितलं.

हर्षाली पाटाच्या बाजूला उभी राहिली. सासऱ्यांना काय म्हणायचं सुचत नव्हतं, ते तिला सुचलं. "या," ती म्हणाली. "पायरी बघा. सावकाश."

आणि तिनं हात पुढं केला. जरा उंच झाला असं वाटलं, म्हणून खाली आणला. आणखी खाली. भागूचा हात जिथं येतो, तिथं.